ध्येय अजून ठरलेलं नाही, एसओपीत काय लिहू? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परदेशी विद्यापीठांच्या अर्जाच्या डिसेंबर-जानेवारीच्या तारखा जवळ आल्या की सोलापुरातली मुलं-मुली एसओपीचे, म्हणजे अर्जासोबतच्या ‘स्टेटमेंट ऑफ पर्पज’ या निबंधाचे, मसुदे माझ्याकडे वाचायला पाठवू लागतात. कुणी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असतं, कुणी विद्यापीठात एमएस्सी करत असतं, कुणी पुण्यात नोकरीला लागून दोन-तीन वर्षं झालेली असतात. मसुद्यात प्रत्येकाचं ध्येय ठणठणीत असतं. सोबतच्या मेसेजमध्ये मात्र लिहिलेलं असतं, ‘मॅडम, खरं सांगू का, पुढचं काहीच ठरलेलं नाही.’ या विषयावर पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एसओपी इंग्रजीत लिहायची असली तरी नमुन्याची वाक्यं मराठीतच दिली आहेत, म्हणजे कुणी ती जशीच्या तशी उचलणार नाही.

१. एसओपी म्हणजे नेमकं काय? त्यात ध्येय कशाला विचारतात?

स्टेटमेंट ऑफ पर्पज हा एक-दोन पानांचा निबंध असतो. हा अभ्यासक्रम का हवा, त्यासाठी आतापर्यंत काय केलं आणि पुढे त्याचं काय करणार, हे त्यात सांगायचं. साधारण ५०० ते १००० शब्द. विद्यापीठाने मर्यादा दिली असेल तर तीच पाळायची.

पीएचडीचे अर्ज वाचणारे बहुधा त्याच विभागातले प्राध्यापक असतात. अमेरिकेत पीएचडीला पाच-सहा वर्षं सहज जातात आणि तेवढा काळ त्यांना तुमच्यासोबत काम करायचं असतं. हा मुलगा इथे रमेल का, त्याला हवं ते आमच्याकडे आहे का, दुसऱ्या वर्षी कंटाळून निघून तर जाणार नाही ना, एवढंच ते ध्येयाच्या परिच्छेदात शोधतात. दहा वर्षांनी तुम्ही कुठल्या खुर्चीत बसलात हे तपासायला कुणी येत नाही.

२. ‘पुढे काय करायचं ठरलेलं नाही’ असं खरं लिहिलं तर ॲडमिशन नाकारतील का?

काय ठरलेलं नाही, त्यावर ते अवलंबून आहे. माझ्याकडे येणारी ‘ठरलेलं नाही’ तीन प्रकारची असतात. शिक्षण झाल्यावर कॉलेजात शिकवायचं, कंपनीत जायचं की सरकारी संस्थेत, हे ठरलेलं नसणं हा पहिला प्रकार. विषय पक्का, पण त्यातला नेमका कोपरा ठरलेला नाही, हा दुसरा. आणि हा विषय तरी हवा आहे का, हेच माहीत नसणं हा तिसरा.

पहिल्या दोन्हींनी अर्जाचं काही बिघडत नाही, नीट लिहिलं तर मदतच होते. तिसरा प्रकार निबंधात सुटत नाही. पुण्याच्या गाडीत बसायचं पक्कं असेल तर हडपसरला उतरायचं की स्वारगेटला, हे इंदापूर गेल्यावर ठरवलं तरी चालतं. गाडी पुण्याची की विजापूरची हेच ठरत नसेल, तर कंडक्टरने तिकीट कुठलं फाडायचं? तिसऱ्या प्रकारातल्यांनी थेट प्रश्न १७ वाचावा.

३. मग हे ‘ठरलेलं नाही’ लिहायचं कसं? नुसतं ‘आय ॲम नॉट शुअर’ लिहिलं की कसंतरीच वाटतं.

वाटणारच, कारण त्या वाक्यात माहिती काहीच नाही. काय ठरलेलं नाही, कोणत्या दोन-तीन वाटांमध्ये अडलंय, आणि कशामुळे ठरेल, हे तिन्ही सांगितलं की तेच वाक्य विचार केलेल्या माणसाचं वाटतं.

सोलापूरचंच उदाहरण घेऊ. डाळिंबावरचा तेल्या रोग आपल्याकडच्या शेतकऱ्याला सांगावा लागत नाही. केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, पण बाग काढून टाकायची वेळ आलेली घरंही याच जिल्ह्यात आहेत. समजा अशा घरातल्या मुलीला वनस्पतिरोगशास्त्रात पीएचडी करायची आहे. तिचा पहिला मसुदा बहुधा असा असतो: ‘मला लहानपणापासून संशोधनाची ओढ आहे. पीएचडीनंतर जागतिक कीर्तीची शास्त्रज्ञ होऊन शेतकऱ्यांची सेवा करण्याचं माझं ध्येय आहे.’ यातलं खोटं काही नसेलही. पण हे वाक्य कुठल्याही विषयाच्या, कुठल्याही गावच्या अर्जात चालून जाईल, आणि अडचण तीच आहे.

आता हे पाहा: ‘तेल्या हा जिवाणूजन्य रोग पावसाळी, दमट हवेत झपाट्याने पसरतो. हवामानाच्या नोंदींवरून त्याचा अंदाज आधी देता येईल का, या प्रश्नावर मी एमएस्सीचा प्रकल्प केला. तो करताना वाटू लागलं की एकाच हवेत दोन बागा वेगळ्या वागतात, तर उत्तर जिवाणूच्या प्रकारांमध्येही असू शकेल. अंदाजाच्या बाजूने जायचं की जिवाणूच्या जनुकांच्या, हे मी अजून ठरवलेलं नाही. तुमच्या विभागात दोन्ही प्रकारचं काम चालतं. पहिल्या वर्षाचे विषय आणि प्रयोगशाळेतला अनुभव घेऊन मला ते ठरवायचं आहे.’

न ठरलेली गोष्ट इथे उघड सांगितली आहे. तरीही वाचणाऱ्याला समजतं की हिने काम केलंय, काम करताना प्रश्न बदललाय, आणि आमच्याकडेच का यायचंय याचं कारण हिच्याकडे आहे. ‘ठरवलेलं नाही’ हे वाक्य परिच्छेदात कुठे आलंय तेही बघा. आधी केलेलं काम, मग शंका, मग ती सोडवायचा रस्ता. हाच क्रम उलटा केला तर पहिल्याच ओळीला रडगाणं सुरू झाल्यासारखं वाटतं.

‘कदाचित’, ‘शक्यतो’, ‘मला वाटतं’ हे शब्द प्रत्येक ओळीत पेरू नका. शंका एकदाच, एकाच जागी, स्वच्छ सांगा. बाकीचा निबंध झालेल्या कामाचा आहे, आणि झालेल्या कामाबद्दल शंका घ्यायचं कारण नाही.

४. मला दोन वेगळे विषय आवडतात. दोन्ही लिहू की एक लपवू?

दोघांमध्ये नातं असेल तर दोन्ही लिहा आणि नातं दाखवा. नान्नजच्या माळरानावर काम केलेल्या विद्यार्थ्याला काळविटांचाही अभ्यास करायचाय आणि लांडग्यांचाही, तर गवताळ प्रदेश हा धागा त्याच्या हातात आहेच. मशीन लर्निंग आणि सायबर सिक्युरिटी दोन्ही ‘आवडतात’, पण दोन्हींत जेमतेम एकेक ऑनलाइन कोर्स झालाय, तर ज्यात हाताने काही केलंय तेवढंच लिहा. दुसरं न लिहिणं म्हणजे लपवणं नव्हे. एसओपी हा आयुष्याचा जमाखर्च नाही, सगळं त्यात मांडलंच पाहिजे असं नाही.

तीन किंवा त्याहून जास्त विषय आवडत असतील तर आधी दोनावर या.

५. सगळे सीनियर ‘प्रोफेसर व्हायचं आहे’ असंच लिहितात. पीएचडीच्या अर्जात तेच ऐकायचं असतं म्हणे. मीही लिहून टाकू?

व्हायचं असेल तर जरूर लिहा. नसेल तर गरज नाही. पीएचडी झालेल्यांपैकी कितीतरी जण कंपन्यांत आणि सरकारी प्रयोगशाळांत जातात, हे प्राध्यापकांना तुमच्या-आमच्यापेक्षा चांगलं माहीत असतं. त्यांचेच विद्यार्थी गेलेले असतात. त्यांना खात्री हवी असते ती तुम्हाला संशोधन करायचंय याची. ‘संशोधनाचं काम मला करायचंच आहे, ते विद्यापीठात करायचं की उद्योगात, हे पीएचडीच्या काळात दोन्हीकडचं काम जवळून पाहून ठरवेन’ एवढं पुरतं.

उसन्या ध्येयाचं आणखी एक दुखणं असतं. मुलाखतीत ‘तुम्हाला कोणता विषय शिकवायला आवडेल?’ एवढं विचारलं तरी पंचाईत होते.

६. खरं कारण सांगायचं तर मला चांगली नोकरी आणि चांगला पगार हवा आहे. मास्टर्सच्या एसओपीत हे लिहू का?

नोकरी हवी आहे हे लिहायला अजिबात हरकत नाही. बहुतेक मास्टर्स अभ्यासक्रम त्यासाठीच काढलेले असतात आणि विद्यापीठं स्वतःच्या जाहिरातीत नोकऱ्यांचेच आकडे देतात. पगाराचा आकडा मात्र तिथे काढू नका. कसलं काम हवंय आणि आज त्यासाठी काय कमी पडतंय, ते सांगा. ‘आमच्या टॉवेलच्या युनिटमध्ये रंगाईचं पाणी प्रक्रिया करून परत वापरायचा प्रयत्न झाला. खर्चाचं गणित जमलं नाही आणि ते का जमलं नाही हे मला समजलं नाही. मला जलशुद्धीकरणाच्या डिझाइनमध्ये काम करायचं आहे. सल्लागार कंपनीत की कारखान्यात, ते अजून खुलं आहे.’ हा नोकरीसाठीचाच अर्ज आहे, आणि लाज वाटावी असं त्यात काही नाही.

७. अमेरिकेतल्या पीएचडीसाठी प्राध्यापकाचं नाव लिहावंच लागतं का? माझं एकावर ठरत नाही.

विषयानुसार पद्धत बदलते. जीवशास्त्राशी संबंधित बऱ्याच अमेरिकन पीएचडींमध्ये पहिल्या वर्षी रोटेशन असतात. काही आठवडे एका प्रयोगशाळेत, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या, आणि शेवटी मार्गदर्शक ठरतो. म्हणजे तुमचं न ठरणं त्यांनी वेळापत्रकातच बसवलेलं असतं. तिथे दोन-तीन नावं आणि प्रत्येकाच्या कामातलं नेमकं काय भावलं, एवढं द्या. इंजिनिअरिंग आणि कॉम्प्युटरच्या बऱ्याच विभागांत मात्र प्रवेशाच्या वेळीच एखाद्या प्राध्यापकाने तुम्हाला घ्यायला तयार असावं लागतं. तिथे जास्त नेमकं लिहावं लागतं. विभागाच्या वेबसाइटवर रोटेशनचा उल्लेख आहे का, ते आधी बघा आणि मग निबंध लिहायला बसा.

वेबसाइटवरून पाच नावं उतरवून ‘या सर्वांच्या कामाने मी प्रभावित झालो’ असं लिहू नका. पाचही जण ते वाचू शकतात.

८. इंग्लंड आणि जर्मनीसाठी हाच निबंध पाठवला तर चालेल?

मास्टर्ससाठी थोड्या फेरफाराने चालतो. जर्मनीत त्याला मोटिव्हेशन लेटर म्हणतात. इंग्लंडमधलं मास्टर्स बहुतेक एका वर्षाचं असतं, त्यामुळे ‘तिथे येऊन विषय शोधेन’ म्हणायला तिथे जागा कमी.

पीएचडीचं वेगळं आहे. इंग्लंडमध्ये अनेक ठिकाणी अर्जासोबत संशोधनाचा प्रस्ताव मागतात, किंवा विषय आधीच ठरलेली जागा जाहीर होते. जर्मनीत पीएचडीच्या बऱ्याच जागा नोकरीसारख्या निघतात, करारासह. तिथे प्रश्न ३ मधली विषयाच्या कोपऱ्याबद्दलची शंका अर्जात आणू नये, कारण त्यांनी नेमका कोपराच जाहीर केलेला असतो. करिअरबद्दलची शंका असली तरी बिघडत नाही, बहुधा ती कुणी विचारतही नाही.

९. सोलापूरचा, घरच्या परिस्थितीचा उल्लेख करू का? सहानुभूती मागितल्यासारखं वाटेल का?

तुमच्या प्रश्नाशी संबंध असेल तर करा. वडील पॉवरलूमवर होते, आई विड्या वळायची, हे तुम्ही निवडलेल्या विषयाचं किंवा घेतलेल्या निर्णयाचं कारण असेल तर दोन ओळींत त्याचं वजन पडतं. नुसतं मन हेलावण्यासाठी आणलं तर वाचणाऱ्याला समजत नाही की याचं करायचं काय. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठासारख्या काही ठिकाणी एसओपीशिवाय स्वतःच्या जडणघडणीवर वेगळा निबंध मागतात. घरची गोष्ट तिथे मोकळेपणाने सांगा आणि एसओपीत विषयावर राहा.

घरच्यांच्या अपेक्षेबद्दलही बरेच जण विचारतात: ‘पप्पांना वाटतं मी परत येऊन कारखाना बघावा, माझं ठरलेलं नाही.’ घरातला हा वाद एसओपीत नेऊ नका. कारखान्यात जे पाहिलंत, ते न्या.

एक विनंती. डॉ. द्वारकानाथ कोटणीस सोलापूरचे, १९३८ मध्ये वैद्यकीय पथकासोबत चीनला गेले आणि तिथेच रुग्णसेवा करता करता १९४२ मध्ये वारले. त्यांचा आपल्याला अभिमान आहे, असायलाच हवा. पण पब्लिक हेल्थच्या अर्जाचा पहिला परिच्छेद त्यांच्यावर खर्च केला की अर्धं पान अशा माणसाबद्दल जातं ज्याला प्रवेश नको आहे.

१०. माझी शाखा बदलली आहे, मध्ये दोन वर्षं नोकरीही झाली. याला ‘गोंधळलेला’ म्हणतील का?

कारण सांगितलं तर नाही म्हणणार. मेकॅनिकल केलं, सॉफ्टवेअरमध्ये लागलो, तिथे कारखान्यातल्या मशीनच्या डेटावर काम करताना अमुक प्रश्न पडला. प्रत्येक वळणाला एक वाक्य पुरे. स्पर्धा परीक्षेत गेलेली वर्षंही लपवू नका. तारखांमधली मोकळी जागा त्यांना दिसतेच.

११. शिष्यवृत्तीच्या अर्जात ‘भारतात परत येऊन काय करणार’ विचारतात. मला परत यायचं की नाही हेच ठरलेलं नाही.

इथे थोडं कडक उत्तर द्यावं लागेल. प्रवेशाचा निबंध आणि शिष्यवृत्तीचा निबंध यांत मूलभूत फरक आहे. चेव्हनिंग या ब्रिटिश सरकारच्या शिष्यवृत्तीची अटच आहे की शिक्षणानंतर किमान दोन वर्षं मायदेशी परतावं लागतं, आणि करिअरच्या योजनेवर त्यात स्वतंत्र प्रश्न असतो. अमेरिकेत शिकण्यासाठीच्या फुलब्राइट-नेहरू मास्टर्स फेलोशिपलाही परत येण्याची अपेक्षा असते, शिवाय अर्ज करायला किमान तीन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो. तिथे पैसे देणारा तुमच्याकडून शब्द घेतोय. परत यायचं नसेल तर तो अर्ज करू नका. शब्दांची कसरत करून मधला मार्ग निघेल का, असं मला विचारतात; मी त्यात मदत करत नाही.

परत येऊन काय करायचं हे ठरलेलं नसणं मात्र वेगळं, आणि ते चालतं. ‘परत आल्यावर जिल्ह्यातल्या भूजलावर काम करायचं आहे. राज्य शासनाच्या यंत्रणेतून की स्वयंसेवी संस्थेतून, याचा निर्णय तेव्हाच्या संधी पाहून घेईन; दोन्हीकडच्या लोकांशी मी आत्ताच बोलते आहे.’ शेवटचं अर्धं वाक्य खरं असेल तरच लिहा. मुलाखतीत ‘कोणाशी बोललात?’ हा पुढचाच प्रश्न असतो.

१२. व्हिसाच्या मुलाखतीत ‘ठरलेलं नाही’ म्हटलं तर?

अमेरिकेच्या विद्यार्थी व्हिसाला तुम्ही शिक्षण झाल्यावर परत येणार आहात, हे अधिकाऱ्याला पटवून द्यावं लागतं. नाहीतर तिथे स्थायिक व्हायला निघालात असं गृहीत धरायची तरतूद त्यांच्या कायद्यात आहे. खोटं बोलायचं नाही, हे तिथेही लागू आहेच, आणि खोटं उघडं पडलं तर पुढच्या व्हिसांवरही त्याची सावली पडते. पण एसओपीतली शैक्षणिक शंका मुलाखतीच्या खिडकीपाशी उलगडत बसू नका. काय शिकणार, पैसा कुठून येणार, इकडे काय आहे, याची सरळ, थोडक्यात उत्तरं द्या. एसओपीत लिहिलं त्याच्याशी ती जुळली पाहिजेत. निबंधात एक आणि खिडकीपाशी दुसरं असा घोळ मुळात खोटं लिहिणाऱ्यांचाच होतो.

१३. एमबीएच्या निबंधात तर शॉर्ट-टर्म आणि लाँग-टर्म गोल थेट विचारतात. तिथे काय?

तिथे जवळचं ध्येय ठाम लागतं: कोणतं काम, कोणत्या क्षेत्रात. लांबचं ध्येय दिशेपुरतं चाललं. ‘दोन वर्षं फिरून बघेन’ हे उत्तर एमबीएला महागात पडतं, कारण उन्हाळी इंटर्नशिपची धावपळ पहिल्याच वर्षी सुरू होते.

१४. शिफारसपत्रात सरांनी लिहिलंय की मला प्रोफेसर व्हायचंय. मी तर वेगळं लिहिलंय.

सरांना मसुदा आधी दाखवा. आपल्याकडे भीड वाटते, मान्य आहे. पण ‘सर, मी पुढचं असं असं लिहिलंय, एकदा नजर घालाल का?’ एवढं विचारलं तर कुणी रागवत नाही. पत्र गेलं असेल तर सोडून द्या. सरांना विद्यार्थ्याबद्दल मोठी आशा आहे, एवढाच त्याचा अर्थ निघतो. मात्र काही जण ‘तूच लिहून आण, मी सही करतो’ म्हणतात, तेव्हा एकाच हाताची भाषा दोन्ही कागदांत दिसते. अशा वेळी केलेल्या कामाचे मुद्दे लिहून द्या आणि पत्र सरांनीच लिहावं म्हणून नम्रपणे मागे लागा.

१५. कन्सल्टंटने तयार एसओपी दिली आहे. एआयनेही छान लिहून दिली. त्यात ध्येय एकदम पक्कं आहे! वापरू का?

पक्कं असणारच, ते तुमचं नाही ना. तयार मसुद्यांमध्ये शंका कधीच नसते, कारण शंका यायला आधी काम केलेलं असावं लागतं. असे कागद एकमेकांसारखे दिसतात, आणि मजकुरातलं साम्य पकडणारी सॉफ्टवेअर विद्यापीठांकडे असतात. इंग्रजी तपासून घ्यायला हरकत नाही, विद्यापीठाचा एआयबद्दलचा नियम मात्र आधी वाचा. विचार मराठीत, कानडीत किंवा तेलुगूत, जी घरची भाषा असेल त्यात, आधी कागदावर उतरवा. मोडकंतोडकं इंग्रजी नंतर दुरुस्त करता येतं.

१६. लिहिलं एक आणि तिथे गेल्यावर विषय बदलला, तर ती फसवणूक होईल का?

लिहिताना खरं होतं ना? मग नाही. विषय बदलणं तिथे नेहमीचं आहे. अपवाद दोन: एखाद्या प्राध्यापकाच्या ठरावीक प्रकल्पाच्या पैशावर घेतलं असेल, किंवा शिष्यवृत्तीत विषयाची अट असेल. अशा वेळी बदल करण्याआधी त्यांच्याशी बोलावं लागतं.

१७. मॅडम, मला जायचं तरी आहे का, हेच कळत नाही. सगळे मित्र चाललेत म्हणून मीही फॉर्म भरतोय.

मग अर्जाची फी भरायच्या आधी थांबा. एका विद्यापीठाची फी, परीक्षा, गुण पाठवायचा खर्च धरला तर आठ-दहा अर्जांत घरच्यांचे लाखाच्या आसपास पैसे सहज जातात, आणि पुढचं शैक्षणिक कर्ज वेगळंच. वडिलांनी विचारलेल्या ‘शिकून पुढे काय?’ला तुमच्याकडे उत्तर नसेल, तर प्रवेश ठरवणाऱ्या कमिटीसाठी ते आकाशातून पडणार नाही.

एक वर्ष थांबलात म्हणून दार बंद होत नाही. दरवर्षी याच महिन्यांत ते पुन्हा उघडतं. तेवढ्यात त्या विषयातलं खरं काम करून बघा. ओळखीच्या युनिटमध्ये, एखाद्या सरांच्या प्रकल्पावर, केगावच्या केंद्रात काही संधी आहे का विचारून, कुठेही. कंटाळा आला तर कर्ज वाचलं. पुढच्या ऑक्टोबरपर्यंत त्यातला एखादा प्रश्न डोक्यातून जात नसेल, तर मसुदा पाठवा आणि सुरुवात त्या प्रश्नापासून करा. ‘लहानपणापासून’ हा शब्द दिसला तर मी पुढे वाचणार नाही, आधीच सांगून ठेवते.